सॉलिड ॲक्सल बसवला म्हणून चिखल वाट देत नसतो

मांजराकाठ (लातूर):

गेल्या आठवड्यात एक पोस्ट गटागटांतून फिरली. तुम्हीही वाचली असणार. मथितार्थ असा: "आयएफएसचा पिकअप म्हणजे साहेबाची गाडी. मराठवाड्याच्या काळ्या रानात चालवायचा असेल तर पुढचे आर्म, टॉर्शन बार, सीव्ही सगळं भंगारात घाला आणि जुन्या जीपचा सॉलिड ॲक्सल टाका. जमत नसेल तर छोटा हत्ती घ्या." खाली अंगठ्यांचा पाऊस. (नव्यांसाठी: आयएफएस म्हणजे पुढची दोन्ही चाकं आपापल्या आर्मवर स्वतंत्र वरखाली होतात, सॉलिड ॲक्सल म्हणजे दोन्ही एकाच सलग आखावर. टॉर्शन बार ही पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई, सीव्ही हा चाक फिरवणारा वळता सांधा.)

मी सोडून दिलं असतं. पण माझ्या चुलतभावाचा पोरगा ती वाचून गॅरेजला वीस हजार बयाणा देऊन आला. सोयाबीन अजून रानात उभं होतं, तरी. म्हणून लिहायला बसलो. लांबणार आहे.

माझी गाडी २०११ ची महिंद्राची गेटअवे पिकअप, चार-बाय-चार, पुढं टॉर्शन बार. खत, बियाणं, गोण्या, कडबा, एकदा तर आख्खी पिठाची गिरणी वाहिली. पुढचं सगळं अजून कंपनीचंच आहे. बॉल जॉइंट दोनदा बदलले, बुश तीनदा, सीव्हीचे बूट, म्हणजे त्यावरची रबरी टोपणं, मोजली नाहीत.

आयएफएस तुटतं, तुटतं म्हणतात. का तुटतं ते कुणी सांगत नाही. आपल्याकडं गाडी घेतली की पहिल्या महिन्यात टॉर्शन बारचा बोल्ट आवळून पुढून दोन इंच उचलतात. फोटो झकास येतो. पण आर्म खाली लोंबतात, चाकाला खाली जायला जागाच राहत नाही, सीव्हीचा कोन वाढतो, बूट फाटतो. फाटक्या बुटात काळी माती शिरली की ग्रीसचं गंध होतं आणि जॉइंट त्यात उगाळला जातो. चार महिन्यांत वळणावर कटकट सुरू. मग म्हणायचं, आयएफएस नाजूक. अरे, तू पिळलास म्हणून ते नाजूक झालं.

आता चिखल. परतीच्या पावसात ट्रॅक्टरनं पाडलेली चाकोरी गुडघाभर असते. सॉलिड ॲक्सलचा गोळा, म्हणजे मधलं डिफरन्शिअलचं घर, आखाच्याच उंचीला लोंबतो. कितीही लिफ्ट द्या, चेसिस वर जाते, गोळा तिथंच राहतो. त्याला वर न्यायचं तर टायरच मोठा टाकावा लागतो. चाकोरीच्या मधल्या वरंब्यावर तो गोळा फाळासारखा चालतो. आयएफएसचा गोळा चेसिसला वर बांधलेला असतो, तिथं उलट फायदा. दगडधोंड्यात एक चाक वर, एक खाली अशी जागा असेल तर सॉलिड चांगला, मी नाही म्हणत नाही. पण लातूर, परभणी, नांदेडच्या रानात दगड शोधायला जावं लागतं.

आणि ते अमेरिकेतले व्हिडिओ. तिकडं जुन्या टोयोटा पिकअपला हा उद्योग करतात, कारण १९८५ पर्यंत त्याच गाडीला कंपनीतूनच सॉलिड ॲक्सल येत होता, १९८६ पासून आयएफएस आलं. माप जवळपास जुळतं आणि कंस, कमानपाटे, स्टीअरिंगचे आर्म तयार संचात मिळतात. आपल्याकडं तो संच म्हणजे मिस्त्रीच्या डोक्यातला अंदाज आणि गॅस कटर.

पोराला म्हटलं, त्याच पैशात चार बरे टायर घे, एक हवेचा पंप घे, बुश-जॉइंट नवे टाक. बयाणा बुडला तर बुडू दे.

धारूरघाट:

भाऊ, सपाट रानात बसून बालाघाटाला शिकवू नका. "दगड शोधायला जावं लागतं" म्हणे. आमच्याकडं माती शोधायला जावं लागतं.

माझी गाडी तुमच्यासारखीच, तुमच्यापेक्षा दोन वर्षं जुनी. सीताफळाची बाग वरच्या अंगाला आहे. २०२२ च्या पावसाळ्यात नाल्यातल्या धोंड्यावर उजवं चाक आपटलं, लोअर आर्मचा बॉल जॉइंट सुटला आणि चाक बाहेर आडवं पडलं. मागं चौतीस क्रेट पिकायला आलेलं सीताफळ. खाली घाट, वर पाऊस. गडी आणि मी क्रेट डोक्यावर घेऊन डांबरीपर्यंत पाच खेपा केल्या. सीताफळ कुणाला थांबत नाही, दुसऱ्या दिवशी अर्धं काळं पडलं. तुमचे बुश-जॉइंट नवेच होते हो त्यात. बिल आहे माझ्याकडं.

मग मी काम केलं. महिंद्राच्या ५४० जीपचा ॲक्सल अरुंद पडत होता. लष्कराच्या लिलावातल्या जोंगाचे दोन्ही ॲक्सल एका ओळखीच्या भंगारवाल्याकडं मिळाले. जबलपूरला बनायची ती जोंगा, १९९९ ला बंद झाली. पुढचा-मागचा दोन्ही टाकले म्हणजे गिअरच्या रेशोची कटकट नाही, चाकाच्या नटांची नाही. तीन पावसाळे झाले. ग्रीस मारतो आणि चालवतो. ज्याला परवडत नाही त्यानं "गरज नाही" म्हणू नये, "परवडत नाही" म्हणावं.

लेथवाला_जालना:

दोघांचंही अर्धं अर्धं वाचलं. मी हे काम हातानं केलंय म्हणून बोलतो. आतापर्यंत चार गाड्या. त्यातल्या दोन परत जशाच्या तशा करून दिल्या, तेही माझ्याच हातानं.

ॲक्सल बसवणं हे काम नाही. ॲक्सल कुणीही बसवतो. स्टीअरिंग हे काम आहे. मूळ गाडीला स्टीअरिंगचा रॅक (दातेरी दांडा) असतो, तो सॉलिड ॲक्सलला चालत नाही. चेसिसला स्टीअरिंग बॉक्स बांधावा लागतो, आणि चेसिसची ती जागा बॉक्स धरण्यासाठी बनलेलीच नसते. आतून पट्टी न देता वेल्डिंग केलं की वर्षभरात तडा. मग ड्रॅग लिंकचा, म्हणजे बॉक्सपासून चाकाकडं जाणाऱ्या दांड्याचा, कोन. पाटा वरखाली होताना ॲक्सल एका कमानीत फिरतो आणि ड्रॅग लिंक दुसऱ्या. त्या जुळल्या नाहीत तर खड्ड्यात गाडी आपोआप वळते, तुम्ही स्टीअरिंग सरळ धरलेलं असलं तरी.

कॅस्टर, म्हणजे चाक वळवणाऱ्या खिळीचा मागं झुकाव, तर कुणी बघतच नाही. गोळ्याचं तोंड प्रोपेलर शाफ्टकडं वळवायला ॲक्सल फिरवतात, की कॅस्टर गेला. मग स्टीअरिंग सोडलं तर परत येत नाही, आणि ब्रिजच्या सांध्यावर आपटली की पुढची दोन्ही चाकं थयथय नाचायला लागतात. माझं एक गिऱ्हाईक धुळे-सोलापूर हायवेवर बीडच्या अलीकडं सत्तरच्या वेगात असं नाचलं. बायको शेजारी, पोरगी मांडीवर. उभी केली कशीबशी. गाडी तिथंच ठेवून एसटीनं घरी गेला. ती गाडी मी नाही, दुसऱ्यानं बनवली होती, पण निस्तरायला माझ्याकडं आली.

आणि एक. पुढचा-मागचा रेशो एक नसेल तर चार-बाय-चार टाकल्याबरोबर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढं-मागं ताकद वाटणारी पेटी, आतल्या आत पिळते. क्राउनचे दात मोजा, पिनियनचे मोजा, भागाकार करा. शाळेत शिकवलाय. एकानं मला सांगितलं होतं, "थोडासाच फरक आहे, चिखलात घसरून जाईल." घसरलं. गिअरचे दातही घसरले.

धारूरघाटवाल्यांनी दोन्ही ॲक्सल बदलले हे शहाणपणाचं. पण ब्रेकचं काय केलं ते लिहा जरा.

धारूरघाट:

ब्रेकला काय झालं. लागतात की.

लेथवाला_जालना:

"लागतात की." झालं माझं समाधान.

शिवरस्ता_परभणी:

मला एक सांगा. तुम्ही गाडी उंच करूलालाव, ॲक्सल बदलूलालाव, टायर मोठे करूलालाव. कशासाठी? शेतात जायला वाट नाही म्हणून. मग वाट का करत नाहीत? आमच्या गावच्या नकाशावर गाडीमार्ग आहे, दुबार तुटक रेषा, साडेसोळा फुटांच्या वर रुंदी. जमिनीवर किती उरलाय? एक बैलगाडी, तीही एक चाक बांधावर ठेवून. दोन्हीकडच्यांनी दरवर्षी नांगराचा एक-एक तास आत सरकवला. तीस वर्षांत किती तास झाले ते तुम्हीच मोजा.

आख कोणताबी टाका. बैलगाडीला पहिल्यापासून सॉलिडच आहे, ती तरी कुठं जाऊलाली?

रानजाई (बीड):

शेवटचं वाक्य एक नंबर. पण मूळ विषयावर एक घरचं सांगते.

आमच्या नानांनी २०१९ ला हेच केलं होतं. गाडी दुसरी, जुनी, पण तोच प्रकार. गावातल्या एका गॅरेजात. त्या वेळी मी लांब होते, फोनवर फक्त "आता रणगाडा झालाय" एवढंच ऐकलं. दिवाळीला आले आणि बसले त्यात. अंबाजोगाईपर्यंत जाईस्तोवर माझे दात एकमेकांवर वाजत होते. नानांना मणक्याचा त्रास आधीपासून. सहा महिन्यांत पट्टा लागला. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली. आता गाडी गोठ्याजवळ उभी आहे, कोंबड्या अंडी घालतात तिच्यात. "लई मजबूत झाली" म्हणतात अजून. गाडीबद्दल बोलतात, स्वतःबद्दल नाही.

आणि धारूरघाट दादा, तुमच्या सीताफळाचं मला पटत नाही. एवढ्या टणक गाडीत पिकलेलं फळ आदळून काळं पडत नाही का?

लेथवाला_जालना:

ताई, फळ मागं असतं. मागं तर आधीपासूनच कमानपाटे आहेत, कंपनीतूनच. पुढचा ॲक्सल बदलल्यानं त्रास चालवणाऱ्याच्या मणक्याला, फळाला नाही. तुमच्या नानांच्या गाडीत मालवाहूचे पाटे टाकले असतील, मोठ्या गाडीचे. लोक वजन वाढेल म्हणून जास्तीचा पाटा घालतात. पुढं इंजिनाशिवाय वजन कुठलं वाढणार? एक पाटा काढला असता तर कदाचित पट्टा लागला नसता.

रानजाई (बीड):

हे तुम्ही २०१९ ला कुठं होता?

नांदेडचा_हिंजवडीत:

सगळ्यांना नमस्कार. थोडं तांत्रिक. सॉलिड ॲक्सलमध्ये स्प्रिंगखालचं वजन वाढतं, त्यामुळं खडबडीत रस्त्यावर टायरचा जमिनीशी संपर्क तुटतो. म्हणूनच २०१० ला आलेल्या थारच्या वरच्या मॉडेललाही पुढं आयएफएस होतं आणि २०२० च्या नव्या थारलाही पुढं डबल विशबोनच आहे. कंपनीचे इंजिनिअर मूर्ख नसतात. ज्यांना सॉलिडच पाहिजे त्यांनी सरळ जिम्नी घ्यावी, पुढं-मागं सॉलिड आहे, कॉइल स्प्रिंगवर.

धारूरघाट:

जिम्नीत चौतीस क्रेट कुठं ठेवू, तुमच्या कॅबिनमध्ये?

कंपनीचे इंजिनिअर मूर्ख नसतात, बरोबर. पण ते पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर गाडी विकण्यासाठी बनवतात. धारूरच्या वरच्या अंगाला किती थार विकल्या जातात? मी मोजल्यात. शून्य.

नांदेडचा_हिंजवडीत:

मी माझं लहानपण मुदखेडला काढलंय. चिखल मलाही माहिती आहे.

धारूरघाट:

लहानपणचा चिखल वेगळा असतो सर. त्यात आपण खेळतो.

पासिंग_२५ (धाराशिव):

सगळे इंजिनिअर झालेत, कागद कुणी बघत नाही. मी वीस वर्षं विम्याची आणि आरटीओची कामं करतो, म्हणून राहवत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. नोंदणीत कंपनीनं दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. मालकानं परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागं, हे लक्षात घ्या. ॲक्सल एक, स्टीअरिंग एक, टायर एक, गणित करा.

मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग असतं. खाली वाकून बघणारा निरीक्षक भेटला की संपलं. त्याहून वाईट म्हणजे अपघात. सर्व्हेअर पहिल्यांदा गाडीच्या खाली बघतो. चूक दुसऱ्याची असली तरी क्लेम अडतो. मग बसा ग्राहक आयोगात.

धारूरघाट:

कलम ५२ मीही वाचलंय. त्यात "मूलभूत वैशिष्ट्य बदलेल असा संरचनेतला बदल" असं आहे. माझी गाडी आधीही पिकअप होती, आताही पिकअप आहे. चाकं चारच आहेत. इंजिन तेच, चेसिस नंबर तोच. मूलभूत काय बदललं?

पासिंग_२५ (धाराशिव):

हा युक्तिवाद निरीक्षकासमोर करा आणि मला बोलवा. मी चहा घेऊन येतो.

मांजराकाठ (लातूर):

मला वाटलंच होतं कुणीतरी कलम काढणार. माझ्या बाजूनं निघालं हे बरं झालं.

लेथवाल्यांनी जे लिहिलं ते मी लिहायला हवं होतं, पण मी ते कधी हातानं केलं नाही. एक मात्र मला त्यांचं पटत नाही. "अर्धं अर्धं" कसलं? तुमचं सगळं लिखाण माझ्याच बाजूचं आहे.

लेथवाला_जालना:

नाही. तुम्ही म्हणता करूच नका. मी म्हणतो, नीट करणारा नसेल तर करू नका. नीट केलेला सॉलिड ॲक्सल दगडात आयएफएसपेक्षा शंभर टक्के बरा. एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं, चारही चाकं जमिनीवर राहतात. आपल्या ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल बघा, मधल्या एका पिनवर झुलतो. का झुलतो, विचार करा. आणि चिखलात गोळा घासतो म्हणता, तर आयएफएसचे लोअर आर्म आणि खालची पत्र्याची प्लेटही घासतेच. तिच्यावर दहा किलो माती बसते, ती धुवायला अर्धा दिवस जातो. सर्व्हिसिंगला येतात तेव्हा बघतो ना मी. तुम्हीही धुतलीच असेल कधीतरी.

मांजराकाठ (लातूर):

धुतली आहे. बरं. प्लेटचं मान्य.

शिवरस्ता_परभणी:

मी मघाशी काय विचारलं त्याला कुणी उत्तर दिलं नाही. सगळे आखावरच अडकले. आमची केस सांगतो. दोन वर्षांमागं शेजारच्यानं गाडीमार्गावर चर मारला. जेसीबी लावून. वर काट्या टाकल्या. मी मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलला अर्ज दिला. कलम ५. त्याला सहा महिन्यांची मुदत असते, अडवल्यापासून. मी पाच महिने आपसात मिटवायला घालवले. भावकीच आहे म्हटलं. नशीब, तरी मुदतीत बसलो. तेव्हापासून तारीख. साहेब बदलले, मंडळ अधिकारी बदलले, तलाठी बदलले. चर तोच आहे.

पासिंग_२५ (धाराशिव):

बांधावरून नवा रस्ता मागायचा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ लागतं. तुमचा जुना नकाशावरचा आहे, म्हणजे मामलेदार बरोबर. स्थळपाहणी झाली का?

शिवरस्ता_परभणी:

तीनदा ठरली. पहिल्यांदा निवडणूक. दुसऱ्यांदा अधिवेशन. तिसऱ्यांदा पाऊस. साहेब म्हणाले, "गाडी जात नाही तिथंपर्यंत." मी म्हणलं, साहेब, तेच तर म्हणणं आहे माझं.

रानजाई (बीड):

तेच तर म्हणणं आहे माझं! दादा, हे अर्जात लिहा.

आमच्याकडं मातोश्री पाणंद योजनेत रस्ता मंजूर झाला होता. मुरूम पडला, दबाई झाली, आणि पुढच्या पावसात दोघांनी नांगर फिरवून मुरूम आपापल्या रानात घेतला. मुरमाच्या रानात आता हरभरा बरा येतो म्हणे.

नांदेडचा_हिंजवडीत:

मोजणी करून हद्दीचे दगड का बसवत नाहीत? नोंद झाली की प्रश्न सुटेल.

शिवरस्ता_परभणी:

बसवले होते. एक दगड आता शेजारच्याच्या न्हाणीत पाय घासायला आहे.

मांजराकाठ (लातूर):

मंडळी, धागा पिकअपचा आहे. पाणंद रस्त्याचा वेगळा काढा.

शिवरस्ता_परभणी:

वेगळा नाही. हाच आहे. तुम्ही चौदा वर्षं बुश-जॉइंट बदलूलालाव, दरवेळी किती गेले? एवढ्यात चार जणांनी मिळून मुरूम टाकला असता. पण नाही. प्रत्येकानं आपापली गाडी उंच करायची. एकानं टायर, एकानं ॲक्सल. उद्या एखादा हेलिकॉप्टर घेईल. रस्त्यासाठी एकत्र यायचं म्हणलं की सगळ्यांना ताप येतो. गाडी उंच करायला मात्र कर्ज काढतील.

धारूरघाट:

ओ, उपदेश नको. आमच्या डोंगरात मुरूम टाका नाहीतर सोनं टाका, पहिल्या पावसात नाल्यात जातं. मी रस्त्यासाठी पाच वर्षं ग्रामसभेत भांडलोय, तुम्ही एक अर्ज दिला म्हणून शहाणे झालात का? माझं फळ दोन दिवसांत सडतं, तुमच्या तारखेची वाट बघत नाही ते.

शिवरस्ता_परभणी:

एक अर्ज? ये आमच्या तहसीलला, फाइल उचलून दाखव. कमरेचा पट्टा लागेल तुला. सॉलिड ॲक्सल कामाला येणार नाही.

धारूरघाट:

अरे-तुरे कुणाला करतो?

रानजाई (बीड):

दोघं थांबा. शिवरस्ता दादा, तुमची स्थळपाहणी आता कधी आहे?

शिवरस्ता_परभणी:

येत्या गुरुवारी. चौथ्यांदा. आणि पाऊस आहे सांगूलाले. साहेबांची गाडी साधी आहे, डांबरीवरच थांबणार. तिथून दीड किलोमीटर आत. परत "गाडी जात नाही" लिहून माघारी जातील, एवढीच भीती आहे.

धारूरघाट:

मी आणतो गाडी. तुझ्यासाठी नाही. हा लातूरवाला म्हणतो ना चिखलात सॉलिड चालत नाही, त्यासाठी.

मांजराकाठ (लातूर):

मग मीही येतो. परभणीला माझी मावशी आहे, तसंही जायचंच होतं. टायरची हवा कमी करून येतो, पंप बरोबर ठेवतो. साहेब ज्या गाडीत बसतील ती बसू द्या.

पासिंग_२५ (धाराशिव):

सरकारी अधिकाऱ्याला जोंगाचे ॲक्सल टाकलेल्या गाडीत बसवणार. शाब्बास. काही झालं तर मला ओळखत नाही म्हणा.

लेथवाला_जालना:

मी येत नाही. फोटो टाका. ब्रेकचा पण टाका.

रानजाई (बीड):

गुरुवार झाला. शुक्रवारही झाला. काय झालं कुणी सांगेल का?

मांजराकाठ (लातूर):

सांगतो. खोटं बोलून फायदा नाही, तिथं वीस माणसं होती.

पाऊस बुधवारी रात्रीच झाला. दोन्ही गाड्या एकामागं एक आत घातल्या. धारूरची पुढं, माझी मागं. दोनशे पावलांवर चाकोरीत तिचा पुढचा गोळा वरंब्यावर बसला, मी म्हटलो होतो अगदी तसाच. चारही चाकं जागेवर फिरत होती. मी हसलो. हसत हसतच बाजूनं काढायला गेलो आणि माझी त्याच्या डाव्या अंगाला दारापर्यंत रुतली. मातीनं टायर लिंपून गुळाच्या ढेपी झाले होते. हवा कमी केली होती, पंप होता, सगळं होतं. टायरची खाच भरली की त्या मातीला पुढं कुठलं सस्पेन्शन आहे याच्याशी घेणं नसतं.

धारूरघाट:

माझी आधी रुतली हे त्यानं बरोबर लिहिलं. त्याची जास्त रुतली हे पण लिहिलं, म्हणून सोडतो. आमच्या दगडात ये, मग बोलू. गोळ्याचं चिखलापुरतं मान्य. चिखलापुरतंच.

लेथवाला_जालना:

ब्रेकचा फोटो?

धारूरघाट:

ब्रेकची गरजच पडली नाही.

रानजाई (बीड):

अहो, साहेब पोचले का?

शिवरस्ता_परभणी:

पोचले. गावातला ट्रॅक्टर बोलावला. आधी ह्या दोघांना ओढून काढलं, मग साहेब मडगार्डवर बसून चरापर्यंत गेले. धोतर नेसलेल्या माणसासारखी पँट वर धरून. चर बघितला, काट्या बघितल्या, दोन्हीकडचे जबाब घेतले, नकाशा लावून बघितला. मला वाटलं झालं काम.

काल पंचनाम्याची नक्कल आणली. लिहिलंय: "प्रत्यक्ष पाहणी ट्रॅक्टरने केली असता सदर रस्ता वहिवाटीस चालू असल्याचे दिसून आले."

पासिंग_२५ (धाराशिव):

सही केली का त्यावर?

शिवरस्ता_परभणी:

पावसात कागद भिजू नये म्हणून मी छत्री धरली होती. माझीच सही पहिली आहे.

मांजराकाठ (लातूर):

हरकतीचा अर्ज लगेच द्या, आमच्या दोन्ही गाड्या रुतल्याचे फोटो माझ्याकडं आहेत, तेच जोडा. माझ्या गाडीचा नंबर दिसतोय त्यात, दिसू द्या.